हेदखिंडीत सेल न घेणारी गाडी

ऐका. अंगावर काहीतरी घ्या आणि जवळ सरका. भूत येईल, पण आपल्या वेळेनं येईल. त्याच्या आधी एका बाईची झोप उडाली होती, गोष्ट तिथून सुरू होते.

बाईचं नाव हेमांगी. पठारावरच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. नवरा रणधीर, त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. पोरगी एकच, रेणू, चार वर्षांची. आणि रेणूला बाळदमा. हवा फिरली की तिची छाती वाजायला लागायची, बासरीत कचरा अडकावा तशी. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पंप द्या, वाफ द्या, आणि तरीही बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तर वाट बघत बसू नका, घेऊन या. दवाखाना खाली तालुक्याला. चोवीस किलोमीटर. मधे हेदखिंड.

त्यासाठीच तर जुनी पांढरी गाडी घेतली होती, तिसऱ्या हाताची. मिरवायला नाही. कधीतरी येणाऱ्या एका रात्रीसाठी.

आणि ती गाडी मधूनच सेल घ्यायची नाही, म्हणजे किल्ली फिरवली तरी सुरू व्हायची नाही.

नेहमी नाही, हं. कधीच झाली नसती तर बरं होतं, माणूस विकून मोकळं झालं असतं. ही नऊ वेळा गुणी पोरीसारखी सुरू व्हायची आणि दहाव्यांदा किल्ली फिरवली की 'टक्'. एवढंच. पुन्हा फिरवली, टक्. मग अर्ध्या तासानं, जणू काही झालंच नाही, अशी सुरू. तीन रात्री हेमांगी आढ्याकडे बघत पडली होती. डोक्यात एकच चित्र: रेणूचा श्वास अडकलाय, आपण किल्ली फिरवतोय, आणि टक्.

रणधीर म्हणायचा, "झालेल्या गोष्टींपेक्षा न झालेल्या गोष्टींनीच तू जास्त दमतेस."

खरं होतं ते. पण न झालेल्या गोष्टी बरोबर रात्री दोनला येऊन उशाशी बसतात, त्याला तिनं काय करावं?

शिकलेली बाई. तिनं वही केली. नवी नाही, रेणूच्या तापाची वही होती तीच मागल्या बाजूनं. तारीख, वेळ, गाडी गार होती की तापलेली, उभी होती की चढाला तोंड करून. महिन्याभरात सहा वेळा टक्. सहाही वेळा गाडी तापलेली होती. तिला क्षणभर फार हुशार असल्यासारखं वाटलं. मग आठवलं, सहा नोंदींवरून निष्कर्ष काढणाऱ्या पोराला आपण वर्गात उभं करतो.

तरी वही घेऊन ती फाट्यावर शिदूनाना मिस्त्रींकडे गेली. नाना सत्तरी ओलांडलेले. पत्र्याची शेड, एकटा माणूस, बोलणं कमी. त्यांनी वही शेवटपर्यंत ऐकून घेतली. आजवर ती कुणीच शेवटपर्यंत ऐकली नव्हती, रणधीरनंसुद्धा.

मग त्यांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. बंद केली, फिरवली, सुरू. अकरा वेळा. अकराही वेळा सुरू.

हेमांगी ओशाळली. "खरंच होत नाही हो नाना. मी खोटं नाही सांगत."

"तुमी खोटं कशाला सांगाल? डागदराम्होरं पोरगं खोकत न्हाई, तशातली गत हाय ही." नाना खाली वाकले, बॅटरीची टोकं खरवडली, स्टार्टरवर पान्यानं दोन टोले दिले, कान लावला. "आता मला सांगा बाई, टक् म्हंती तवा दिवं बारीक हुत्यात का?"

"दिवे?"

"पुढचं दिवं लावायचं, मग किल्ली मारायची. दिवा मलूल झाला, तर दोष बॅटरीचा. दिवा हाय तसाच लख्ख आन् नुसतंच टक्, तर बॅटरी धडधाकट. करंट निघतूय, पर माघारी येत न्हाई. इंजिनाकडनं माघारी येणारी एक पट्टी असती, अर्थिंगची. गार असताना घट बसती. तापली, हादरली, की ढिली."

हे मात्र हेमांगीला कळलं. कळायलाच हवं. दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते, मुलांनो, बॅटरीतून निघालेल्या प्रवाहाला परत बॅटरीकडे यायला वाट लागते, वाट तुटली की दिवा लागत नाही. फळ्यावरचा दिवा. दारातल्या गाडीत तिला ते एकदाही सुचलं नव्हतं.

"आजची रात गाडी हितं ठेवा," नाना म्हणाले. "तापवून, उचलून, खालनं बघतो. वरनं हात पुरत न्हाई."

आता बघा, माणसाची काळजी कशी असते. ज्या भीतीपायी ती गाडी दुरुस्त करायला आली होती, त्याच भीतीपायी तिला ती रात्रभर सोडवेना. "रात्री नको हो नाना. पोरीला रात्रीच होतं. रविवारी आणते, दिवसा."

नानांनी वाद घातला नाही. आत जाऊन एक जाड काळी वायर आणली, दोन्ही टोकांना चिमटे. "धरा मग. अडलंच तर एक चिमटा हितं, बॅटरीच्या मायनसला. दुसरा हितं, इंजिनाच्या ह्या कड्याला. माघारी यायला नवी वाट झाली. मग बसून किल्ली मारा."

त्यांनी तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मग नाना बॉनेटवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"आन् हेदखिंडीत गाडी बंद करायची न्हाई. बंद पडली, तर कुणी काय इचारलं तरी वो द्यायची न्हाई. धक्का माराय तर उतरायचंच न्हाई."

का, हे तिनं विचारलं नाही. पठारावर राहणाऱ्याला ते विचारावं लागत नाही. पण तुम्ही तिथले नाही, तुम्हाला सांगायला हवं.

खिंडीत हेदाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी दगडांचा ढीग. तो हेदोबा. जाणाऱ्या-येणाऱ्यानं ओली डहाळी तोडून त्याच्यावर ठेवायची, ही तिथली रीत. गाडीवाला असेल तर त्यानं गाडी थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. देवापुढे गुरगुरत उभं राहायचं नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांमागे गावात एकच जीप होती. हौसा नावाची एक बाई पहिल्या खेपेला अडली, तिला त्या जीपमधून खाली न्यायला निघाले. खिंडीत रीतीप्रमाणे जीप थांबली, बंद केली, डहाळी वाहिली. आणि जीप पुन्हा सुरू झालीच नाही. पहाटेच्या आत हौसा गेली. पोटातलंही गेलं.

लोक म्हणाले, अडलेली बाई देवासमोरून नेली, देवाला विटाळ झाला, देवानंच जीप धरली. म्हणजे ती मेली ती मेली, वर दोषही तिचाच. जीप कोण चालवत होतं, ते कुणी सांगत नाही. गोष्टीतून तेवढं नेहमी गळतं.

तेव्हापासून ती तिथं आहे म्हणतात.

तर ऐका. रविवार उजाडायला दोन दिवस होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी वारं फिरलं. रणधीर रातपाळीला गेलेला. वस्तीवरची माणसं पलीकडच्या गावाला लग्नाला. सात वाजता रेणूची छाती वाजायला लागली. पंप दिला. पुन्हा दिला. वाफेचं मशीन लावलं आणि लाईट गेली. डोक्यावर शंभर पवनचक्क्या गरगरतायत आणि घरात दिवा नाही, असा तो गाव. मेणबत्तीच्या उजेडात हेमांगीनं रेणूचा फ्रॉक वर केला. बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

रणधीरचा फोन लागला नाही. तिनं काळी वायर घेतली, पाण्याची बाटली घेतली, रेणूला ओढणीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. पहिल्या फटक्यात.

हेमांगीला तिथल्या तिथं रडू आलं. मग तिनं डोळे पुसले, कारण चष्म्यावर पाणी आलं की तिला वळण दिसत नाही.

निघाली. अंधार पडलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चढ सुरू झाला, आणि पहिल्यांदा आला वास. ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकल्याचा. बाळंतिणीच्या खोलीत असतो ना, तो. काचा बंद, आणि वास गाडीच्या आत. हेमांगीनं स्वतःला समजावलं, कुणीतरी जवळपास शेकोटी केली असेल. त्या घाटात, त्या वेळेला, कोण करणार? पण माणूस समजावतं स्वतःला.

मग मैलाचा दगड आला. तालुका चौदा. ती पुढे गेली. वळण, मोरी, जांभळाचं झाड, आणि पुन्हा दगड. तालुका चौदा. बरं, मघाशी पंधराचं चुकून चौदा वाचलं असेल? ती स्वतःवर इतका संशय घ्यायची की पहिल्यांदा चकव्यावर संशयच घेतला नाही. वळण, मोरी, जांभळाचं झाड. तालुका चौदा. तिसऱ्यांदा.

"आई," रेणू म्हणाली, दोन श्वासांच्या मधे, "हे झाड परत आलं."

म्हणजे चकवाच. तिनं दिव्यांवर नजर ठेवली, दगडाकडे बघितलंच नाही, फक्त डांबराची कड धरून चालवत राहिली. आणि कड तिला वर घेऊन गेली, थेट खिंडीत. हेदाचं झाड दिसलं. तिनं नानांचं ऐकलं. थांबायचं नाही. एकही हात स्टिअरिंगवरून न उचलता नुसतं मनात नमस्कार म्हणाली.

आणि रस्त्याच्या मधोमध बाई उभी.

नऊवारी लुगडं, हातात ओली डहाळी, दुसरा हात पोटाखाली, भरल्या दिवसांची बाई पोट सावरते तसा. हेमांगीनं ब्रेक दाबला. नुसता ब्रेक. क्लच राहिला. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

गाडी बंद करायची नाही, एवढं एकच सांगितलं होतं. आणि तिनं ती शिकाऊ पोरीसारखी बंद पाडली.

समोर कुणी नव्हतं. किल्ली फिरवली. टक्.

पुढे चढ, मागे दरी. फोनला रेंज नाही. रेणूचा श्वास आता शिट्टीसारखा. टक्. पुन्हा, टक्. आणि मग मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. हळू, खटका दाबून, माणूस उघडतं तसं. गाडी मागच्या बाजूनं खचली. कुणीतरी बसलं. जडशीळ. दार लागलं.

हेमांगीनं आरशात बघितलं नाही. शिकलेली होती, पण इतकी नाही.

"झालं का चालू?" मागून आवाज आला. राग नाही, घाई नाही. फार वेळ वाट बघत बसलेलं माणूस विचारतं, तसा.

हेमांगी गप्प.

"झालं का वो चालू?"

हेमांगीनं ओठ दाताखाली धरले.

दोन सीटांच्या मधून एक हात पुढे आला. हिरवा चुडा, मनगट पिवळं. त्या हातानं रेणूच्या कपाळावरचे केस मागे सारले. हळुवार. आईनं सारावेत तसे. आणि रेणूची शिट्टी बारीक व्हायला लागली. बारीक, आणखी बारीक. श्वास सुटत होता की थांबत होता, हेच हेमांगीला कळेना.

"पोर माज्याकडं द्या," आवाज म्हणाला. "मी घिऊन बसते. तुमी जरा धक्का मारा."

किती साधी मदत, बघा. कुणीही म्हणेल, बरं झालं बाई, धर जरा. भूत काही दरवेळी गळा धरत नाही. भूत एकटं असतं, आणि एकटं माणूस सोबत मागतं. आणि लेकरावाचून गेलेली आई काय मागणार?

हेमांगीनं पट्टा सोडला, रेणूला ओढून आपल्या छातीशी घेतलं, ओढणीनं पाठीमागून घट्ट बांधलं, दोन गाठी मारल्या. मग तिनं नानांनी सांगितलेलं आठवलं. आधी दिवे. पुढचे दिवे लावलेलेच होते. किल्ली फिरवली. टक्. आणि दिवे हेदाच्या खोडावर तसेच लख्ख. जरासुद्धा मलूल नाहीत.

बॅटरी धडधाकट. करंट निघतोय, माघारी येत नाही.

धक्का मारायला उतरू नका म्हणाले होते. वायर लावायला उतरू नका असं म्हणाले नव्हते. ती उतरली. पोर छातीशी बांधलेली, वायर खांद्यावर, फोनचा दिवा दातात धरलेला. बॉनेट उघडलं. गरम हवा अंगावर आली. मायनस कुठलं? नानांनी दोनदा दाखवलं होतं, दोनदा. काळं टोक. हे की ते?

तिनं मान वर केली, तर बॉनेटच्या पलीकडे ती उभी. आत वाकून बघत होती. चेहऱ्यावर सावली. बाईमाणसानं गाडीत हात घातलेला तिनं बहुतेक कधी बघितला नव्हता.

"काय झालंय तिला?" तिनं विचारलं.

वो द्यायची नाही. हेमांगीला ठाऊक होतं. पण दहा वर्षं आठवीला शिकवत होती ती. कुणी समजून घ्यायला वाकलं की तिच्या तोंडून उत्तर जातं, तिच्या नकळत जातं. फोन दातातून काढून तिनं बॅटरीवर ठेवला आणि म्हणाली, "हिच्यात वीज असते. इथून निघते, त्या यंत्रात जाते, ते फिरलं की गाडी सुरू होते. पण विजेला परत इथं यायला वाट लागते. ती वाट म्हणजे खाली एक पट्टी आहे, एका नटानं आवळलेली. तो नट ढिला असला की तापल्यावर वाट तुटते."

"नट."

"हो. बोटाएवढा."

"मंग जीप..." हेदाचं पान हलत नव्हतं. "ती बी नटानं?"

"तापलेली होती ना? घाट चढून आलेली? दिवे लागत होते?"

"लख हुतं दिवं. मला त्येंचं त्वांड दिसत हुतं दिव्यात."

"मग बहुतेक नटच."

"माज्या इटाळानं न्हाई?"

हेमांगीच्या हातातला चिमटा हातातच राहिला. रेणूची छाती तिच्या छातीवर वर-खाली होत होती. "नाही हो," ती म्हणाली. "विटाळानं गाडी बंद पडत नाही. तुमच्यामुळं काहीच झालं नाही."

पलीकडून नुसता एक आवाज, उकळतं पातेलं चुलीवरून उतरवल्यावर निवतं तसा. हेमांगीनं एक चिमटा काळ्या टोकाला लावला, दुसरा कड्याला. ठिणगी उडाली. पळत येऊन बसली, बॉनेट तसंच ठेवून. किल्ली फिरवली.

इंजिन धडधडलं.

तिनं पुन्हा उतरून बॉनेट आपटलं, फोन उचलून, वायर आतच ठेवून, आणि निघाली. रेणू छातीशी बांधलेलीच. खिंड मागे पडली, उतार लागला. आता कुणाला वाटेल, सुटली. ऐका, सुटली नव्हती. गाडी मागून अजून खचलेलीच होती.

घाट उतरेपर्यंत मागची बाई एक शब्द बोलली नाही. गावाची शीव आली, पाटी दिसली, खाली तालुक्याचे दिवे दिसायला लागले. तेव्हा मागून आवाज आला, रडून दमलेल्या माणसाचा.

"बेस झालं. चालती गाडी बघितली. हितंच थांबा माय, बंद करा, मी उतरते."

आणि हेमांगीचा हात किल्लीवर गेला. भीतीनं नाही. दयेनं गेला. म्हातारं माणूस एसटीतून उतरताना आपण म्हणतो ना, थांबा हो ड्रायव्हर, जरा सावकाश, तशा मायेनं गेला. बोटं किल्लीभोवती वळली. मनगट फिरायला एक वीतभरसुद्धा जागा लागत नाही.

रेणूनं झोपेत उचकी दिली.

हेमांगीनं हात काढला. क्लच दाबून गाडी नुसती उभी केली, इंजिन धडधडतच ठेवलं, आणि मागे न बघता हात मागे नेऊन दाराचा खटका ओढला. "चालूच राहू दे," ती म्हणाली. "अशाच उतरा, मावशी. सावकाश."

मग मागून हलकंसं हसू. "शानी हाईस."

गाडी मागून उचलली गेली. पोतं उतरवल्यावर उचलते तशी. वास गेला. हेमांगीनं दार ओढून घेतलं आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती गाडी तिनं कुठल्याच गिअरमधे नीट चालवली नाही.

तर बाबांनो, अंधार पडल्यावर हेदखिंडीच्या वाटेला जाऊ नका. लांबचा रस्ता आहे, त्यानं जा, तासभर जास्त लागू दे. जीवावरच बेतलं आणि जावं लागलं, तर देवाला हात मनातून जोडा आणि इंजिन चालू ठेवा. मागच्या सीटवर कुणी बसलं तर त्याची दया येईल, येऊ दे, पण किल्लीला हात लावू नका. एवढं सांगितलं. आता उरलेलं थोडं आहे, ते ऐका.

सकाळी नाना आले. पहिल्या एसटीनं, लांबच्या रस्त्यानं. दूधवाल्याकडून कळलं होतं त्यांना. आधी गाडीकडे गेले, खाली सरपटून बघितलं, मग हात न पुसताच वॉर्डात आले. रेणू उशीला टेकून बसलेली, नाकातोंडावर वाफेचा मास्क, गालांवर रंग परतलेला. हेमांगीनं सगळं सांगितलं. भुताचं सांगताना तिला लाज वाटत होती. आपण थकलो होतो, घाबरलो होतो, कदाचित झोप नव्हती म्हणून, असं तीन वेळा म्हणाली.

नानांनी एकदाही मान हलवली नाही. सांगून झाल्यावर ते खाटेच्या पायथ्याशी बसले.

"माजीच बायकू ती," ते म्हणाले. "जीप मीच चालवत हुतो."

हेमांगीनं स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"रीत म्हणून बंद केली मी. पोटात कळा यायल्या बाईला, आन् मी डहाळी तोडत हुतो. चपला काढून. मंग टक्. मंग नुसतं टक्. रातभर ढकलली, बाई. अनवाणीच. चढाला एकट्यानं जीप हलतीय व्हय? तरी ढकलली. आन् ती आतनं इचारायची, झालं का चालू. मी म्हणायचो, व्हईल. व्हईल आता." त्यांनी काळी बोटं एकमेकांत अडकवली. "म्हयन्यानं मी ती जीप सुटी केली. सगळी. अर्थिंगचा नट बोटानं फिरत हुता. आदल्या बाजारला मीच खोलला हुता, मीच आवळायचा ऱ्हायला."

"तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला."

"गाव म्हनत हुतं इटाळ झाला. देवानं धरली. मला कुणी काय म्हनत नव्हतं." त्यांनी अडकवलेली बोटं सोडवली. "चाळीस वरसं तिच्यावर ठेवलं मी ते. मिस्त्री झालो, पर खिंडीत गेलो न्हाई. एकदा बी न्हाई."

बाहेर नर्सची ट्रॉली गेली. नानांनी मान वर केली, पण हेमांगीच्या डोळ्यांत बघितलं नाही. "रागात हुती का?" त्यांनी विचारलं. "माज्यावर?"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. सांत्वन करायला माणूस बोलतं. पण तिनं त्या बाईचा चेहरा बघितलाच नव्हता, सावली होती, आणि हिंमत नव्हती. ती तसं सांगायला तोंड उघडणार, तोच रेणूनं दोन्ही हातांनी मास्क खाली ओढला.

"आजोबा," ती म्हणाली, "मी झोपले ना, तेव्हा ती मला विचारत होती, त्यांच्या पायातले काटे कुणी काढले?"